मुक्या जिवाचं पाणी

मनोहरराव : अशी उंबऱ्यात उभी नको राहू, सोनिका. आत ये, जवळ बस. तुले एक कथा सांगतो. आजवर कोणत्याच बुवाच्या तोंडून ऐकली नसशील अशी.

सोनिका : बाबा, आज कथा नको. श्रीधरमामा खाली टेम्पो चालू ठेवून थांबलेत. कळमन्याच्या मार्केटात संत्री उतरवली, आता रिकामे कॅरेट घेऊन कन्हानला परत चाललेत. मी फक्त माझी कुंडी न्यायला आले.

शामला : अडीच महिन्यांनी सून घरी आली, अन् म्हणे फक्त कुंडी. सासरा नाई, सासू नाई. कुंडी. पाणी तरी पिशील का वं?

सोनिका : पिते आई. द्या.

मनोहरराव : बसून पी बेटा. उभ्यानं पाणी पिलं का गुडघ्यात उतरते.

शामला : तुमच्या गुडघ्यात उतरलं तेवढं पुरे आहे या घराले. अन् तो टॉवेल खाली ठेवा आता. चवथ्यांदा घडी करून राहिले.

सोनिका : कुठाय कुंडी? खिडकीपाशी नाही, पडद्यामागं पण नाही. गॅलरीत ठेवली का? ऊन लागते तिथं.

मनोहरराव : तेच तर कथेत येते नं.

सोनिका : माझी कुंडी कथेत येते?

मनोहरराव : मधोमध येते. पण सुरुवातीपासून ऐकावं लागते. तर मंडळी...

सोनिका : मंडळी कुठं आहे, बाबा? मी एकटी आहे.

मनोहरराव : श्रोता एक असो का हजार, मंडळीच म्हणावं लागते. तो मान असतो. तर मंडळी, एक नगर होतं. त्या नगरात पाचव्या मजल्यावर एक बुढा राहत होता. साऱ्या जन्माची चाकरी त्याची कोराडीच्या वीजघरात. तिथं क्वार्टरच्या अंगणात त्यानं जास्वंद लावली, मोगरा लावला, तुळस तर होतीच. पण रात्रभर वरून राख पडे. सकाळी उठून पाहावं तर पान न् पान करडं झालेलं. मग तो बुढा, म्हणजे तेव्हा तो जवान होता...

शामला : जवान म्हणे!

मनोहरराव : ...तो ड्यूटीवर जायच्या आधी एकेक पान धुवे. पान धुतलं नाही तर झाडानं श्वास कुठून घ्यावा? एकतीस वर्षं हेच. झाड दिसलं का हात तांब्याकडंच जाये. पुढं नोकरी सरली, अंगण सुटलं. हात मात्र तेच राहिले.

सोनिका : तो बुढा म्हणजे तुम्ही. सरळ सांगा नं, झाडाचं काय झालं?

मनोहरराव : कथेत 'मी' म्हणत नसतात, पोरी. 'मी' म्हटलं का जीभ अडकते. बुवा व्यासपीठावर उभे राहून कधी म्हणतात का, मी पापी? ते म्हणतात, एक होता पापी. मग लोक ऐकून घेतात.

शामला : ह्यायचा पूर्वरंगच संध्याकाळपर्यंत चालते. उत्तररंगाले तुझा मामा कन्हानले पोहोचून जेवला असन.

सोनिका : आई, तुम्हीच सांगा मग.

शामला : मी नाई सांगत. ज्यानं केलं त्यानं सांगावं.

सोनिका : काय केलं?

मनोहरराव : सांगून राहिलो नं! त्या बुढ्याच्या घरात एक सून होती. शहाणी, कामसू. तिच्या आईचं कमरेचं हाड मोडलं, म्हणून राखीच्या आधी ती माहेरी गेली. जाताना एका झाडाची कुंडी सासऱ्याच्या हवाली केली. झाड कसं? जाड दांडे, चकचकीत पानं. तेल लावल्यावाणी. ना त्याले फूल, ना वास, ना पूजेत काम. इंग्रजी नाव त्याचं. झीझी.

सोनिका : आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली होती मी. लाल पेनानं. एक आणि पंधरा तारखेला अर्धा ग्लास पाणी. एरवी हात लावू नका.

शामला : अजून लागून आहे. पाह्य, तिथंच आहे.

मनोहरराव : बुढ्यानं ती वाचली, दोनदा वाचली. पहिले दहा-बारा दिवस तसंच वागला. कुंडीपुढून जाताना हात मागं बांधून जाये. पण श्रावणात मंदिरात कीर्तनाचा सप्ताह बसला. शालिकरामबुवा आले. काय गळा, काय निरूपण! पाचव्या दिवशी बुवा म्हणाले, चातुर्मास आहे, कोणी वांगी सोडते, कोणी कांदा सोडते. सोडणं सोपं आहे, मी तुमाले द्यायचा नेम देतो. आपल्या छताखालच्या एका मुक्या जिवाले पाणी पाजल्याशिवाय सकाळी आपल्या ओठाले पाणी लावू नका. कार्तिकीपर्यंत. आहे कोणाची तयारी?

शामला : अन् ह्यायचा हात सगळ्यात पहिले वर. मी मागच्या रांगेत बसून पाहून राहिली होती. मी म्हटलं, वांगी सोडा नं, पित्ताले बरं. तर ते नाई सोडवत.

मनोहरराव : घरी येऊन बुढा विचार करते, आपल्या छताखाली मुका जीव कोणता? गाय नाही, कुत्रं नाही. पोपट कोराडीलेच उडाला. एकच मुका जीव होता, खिडकीपाशी.

सोनिका : बाबा. रोज?

मनोहरराव : रोज.

सोनिका : किती?

मनोहरराव : एक... लहान तांब्या.

शामला : लहान कोणता वं? तो तुझ्या लग्नातला, मोठा. अन् देवाच्या आंघोळीचं पाणी वेगळं. ते मोरीत टाकता येत नाई, खाली तुळशीत टाकावं तर पाच मजले. मग तेही त्याच्याच बोडक्यावर. वरून पानं धुणं. मी म्हटलं, अवो, चिठ्ठी काय म्हणते? तर मले म्हणतात, चिठ्ठी मोठी का व्यासपीठ मोठं?

सोनिका : श्रावणाच्या दमट हवेत, रोज तांब्याभर...

मनोहरराव : पोळ्याच्या दिवशी पहिलं पान पिवळं झालं. बुढ्याले वाटलं, तहान लागली असन, म्हणून संध्याकाळी आणखी घातलं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बिल्डिंगमधले सारे पोट्टे लाकडी बैल घेऊन दारात आले. बुढा त्यायले टिळा लावून, बोजाऱ्याचे पैसे देऊन मागं फिरते, तर एक दांडा जमिनीवर आडवा. बुडाशी नरम, लिबलिबीत. मग दुसरा, मग तिसरा. बुढ्याले झोप येईना. घडीघडी उठे, कुंडीपाशी जाये, मातीत बोट घाले. शेवटी...

सोनिका : मेलं.

मनोहरराव : कथा पुरी होऊ दे...

सोनिका : मेलं नं माझं झाड? हो का नाही, एवढंच सांगा.

शामला : बस वं, बस माय. चेहरा कसा उतरला पाय. ही खुर्ची घे.

सोनिका : एकच काम सांगितलं होतं बाबा. काही न करायचं काम. ते झाड पाण्याविना महिना राहते, अंधारात राहते, कोणी पाहिलं नाही तरी राहते. त्याला मारायचं म्हटलं तरी मरत नाही लवकर. आणि तुम्ही... फोनवर विचारलं होतं मी. दसऱ्याला सोनं द्यायला फोन केला तेव्हा विचारलं, झाड कसं आहे. तुम्ही काय म्हणाले?

मनोहरराव : म्हटलं, देवाच्या कृपेनं ठीक आहे.

सोनिका : देवाला कशाला मधे घेता?

शामला : तसं पाहिलं तर झाडच आहे नं सोनिका. नत्थूजीच्या नर्सरीत रांगेनं ठेवले आहेत असले. एक काय, दहा आणून देते तुले दिवाळीले.

सोनिका : दहा नको आई. मला दहा नको. तुम्हाला नाही समजत.

शामला : तर समजावून सांग नं. अडीच महिने झाले, माझा साहिल दर रविवारी तुले आणाले जाते अन् एकटाच परत येते. कन्हान काय विलायतेत आहे? बसनं तासाभराचा रस्ता. आईचं हाड दसऱ्यालेच जुळलं, काठी घेऊन फिरून राहिली म्हणे. मी काही म्हणलं का? आता आलीस तर खुर्चीले पाठ टेकवत नाई, अन् झाडासाठी रडून राहिली.

सोनिका : सांगू? खरंच सांगू? मग मधे उठून जाऊ नका स्वयंपाकघरात. दर वेळी तेच करता तुम्ही.

मनोहरराव : बोल बेटा. ती नाही उठणार.

सोनिका : ते झाड मी विकत नव्हतं आणलं. दवाखान्यातून आणलं. येत्या पौषात तीन वर्षं होतील. त्या मजल्यावर लिफ्टपाशी एक मोठी कुंडी होती. मला घरी सोडायच्या दिवशी मी तिथं बाकावर बसले होते, साहिल औषधं आणायला गेला होता. माझ्या मांडीवर कपड्यांची पिशवी. नवी झबली, टोपडं, सगळं घडी केलेलं. तिथं कामिनी नावाची एक आयाबाई झाडून राहिली होती. तिनं पिशवी पाहिली. कुंडीखाली एक पान तुटून पडलं होतं ते उचललं आणि माझ्या मुठीत दिलं. म्हणे, मातीत खोव. पाणी जास्त घालू नको, सारखं उकरून पाहू नको. वरून मेल्यावाणी दिसते, पण आतमधे गाठ बांधते. वर्ष लागते.

शामला : सोनिका, तो विषय...

सोनिका : पाहा. पाहा, उठले तुम्ही.

शामला : नाई उठत. बसली मी.

सोनिका : घरी आले तर पाळणा नव्हता. कपाटातली दुपटी नव्हती. तुम्ही सगळं आवरून टाकलं होतं. कोणी एक शब्द बोललं नाही. ना त्या दिवशी, ना बारशाची तारीख आली तेव्हा. मी पान मातीत खोवलं. तुम्ही हसले होते बाबा. म्हणाले, एका पानानं कुठं झाड होते?

मनोहरराव : हसलो होतो. आठवते.

सोनिका : सहा महिने काही नाही. पान तसंच्या तसं. मी सकाळी दात घासायच्या आधी त्याच्यापुढं जाऊन उभी राहायची. मग एक दिवस राहवलं नाही, चमच्यानं माती बाजूला केली. खाली वाटाण्याएवढी गाठ होती. पांढरी. मी कोणाला सांगितलं नाही, परत माती लोटली. मग दसऱ्याच्या सुमाराला कोंब आला. त्यानंतर मी साहिलसोबत बसून जेवायला लागले. तुम्हाला वाटलं असेल, झाली बरी पोरगी. पाच दांडे झाले होते त्याचे. पाच.

मनोहरराव : मले काहून नाही सांगितलं गं?

सोनिका : कोणाला सांगू? या घरात कृष्ण जन्मतो, राम जन्मतो, सगळ्यांचे पाळणे म्हणता तुम्ही. माझी पोरगी दीड दिवस जगली, तिचं कोणी नाव काढत नाही. मला फक्त आवंढा गिळायला शिकवलं. म्हणून गेले कन्हानला. आईचं हाड निमित्त होतं. आजही कुंडी न्यायची आणि दिवाळी तिकडंच करायची, असं ठरवूनच आले होते. त्याच्यापुढचं ठरवलं नाही.

शामला : मी तुझ्यासाठीच म्हणलं होतं वं. जुन्या बाया सांगत, अशा लेकराचं नाव काढू नाई, आईची कूस पुन्हा भरत नाई. मी भेली. माझ्या तोंडानं जावं अन् तुले नुकसान व्हावं, म्हणून जीभ दातात धरून बसली तीन वर्षं. ह्यायले पण मीच शपथ घातली, बोलू नका म्हणून.

मनोहरराव : फोन वाजून राहिला तुझा, सोनिका.

सोनिका : मामाचा आहे. वाजू द्या.

मनोहरराव : मग माझी कथा पुरी ऐक. अर्धीच झाली.

सोनिका : अजून काय राहिलं? झाड मेलं. झाली कथा.

मनोहरराव : बुढ्यानं तोच जीव काहून निवडला, ते राहिलं. शालिकरामबुवा म्हणाले मुका जीव, तेव्हा साऱ्या सभामंडपात लोकायले आपापल्या गाई आठवल्या असतील. बुढ्याले दुसरंच दिसलं. एक काचेची पेटी. पेटीत हाताच्या पंजाएवढं लेकरू, नाकात नळी. दाराबाहेर बुढा उभा, खिशात तीर्थाची लहानी बाटली. तो नर्सबाईले हात जोडते. म्हणते, एक थेंब बाई, बोटानं ओठाले लावतो, लागलीच परत येतो. ती म्हणे, नाही आजोबा, जमत नाही, इन्फेक्शन होईन. तिचं बरोबर होतं. नियम बरोबर होता. बुढा रात्रभर तिथंच उभा राहिला, बाटली मुठीत गरम झाली. पहाटे डॉक्टर बाहेर आले. पोट्टीच्या ओठाले या जगातलं पाणी लागलं नाही. ना आईचं दूध, ना देवाचं तीर्थ. तशीच गेली.

शामला : हे मले नाई सांगितलं तुमी.

मनोहरराव : म्हणून बुढा तांब्यानं घालत होता. पान पिवळं पडलं तरी घालत होता. त्याचा हातच थांबेना.

सोनिका : बाबा...

मनोहरराव : थांब. एक दाखवतो. तू मामाले सांग, दहा मिनिटं.

(मनोहरराव देवघराशेजारच्या कोनाड्यातून दह्याचं लहान मडकं दोन्ही हातांत धरून आणतात.)

सोनिका : हे काय?

मनोहरराव : नत्थूजी आहे नं, रिंगरोडवरचा नर्सरीवाला, त्याच्याकडं मी कुंडी घेऊन गेलो होतो. रिक्षात मांडीवर घेऊन. त्यानं उलटी केली तर असा वास आला, का तोच चार पावलं मागं सरला. म्हणे, काका, हे झाड उंटावाणी पोटात पाणी ठेवते. तुमी याले रोज पंगत वाढली. सारे गड्डे सडले होते. एकच राहिला होता, आवळ्याएवढा. त्यानं सडका भाग कापला, अन् काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, जखमेवर लावाले राख आहे का? मी तिथं खाली बसलो सोनिका. एकतीस वर्षं पानावरची राख धुतली, अन् शेवटी राखच मागितली त्यानं.

शामला : मग त्याच्याच चुलीतली लावली. कोरड्या वाळूत ठेवला तो गड्डा. अन् ही दोन पानं, तुझ्याच झाडाची, चांगली होती ती खोवून दिली. म्हणे, दिवाळीपर्यंत थेंब नाई. हात नाई. फुंकर पण नाई.

सोनिका : पान हिरवं आहे अजून.

मनोहरराव : पाहू नको म्हणे सारखं. मी पाहत नाही. पडदा लावून ठेवतो. शामलेले विचार.

शामला : पडदा लावून पडद्यासमोर बसतात.

सोनिका : आणि नेम? कार्तिकीपर्यंत होता नं? पाणी पाजल्याशिवाय पाणी नाही?

शामला : तेच तर. आता मुका जीव बदलला. गेटपाशी कडुनिंबाचं रोपटं आहे, सोसायटीनं औंदा लावलेलं. आठ दिवस झाले लिफ्ट बंद आहे. हे पहाटे उठतात, आंघोळ करतात, तांब्या घेऊन पाच मजले खाली. मग पाच मजले वर. मग चहा. गुडघे असे वाजतात, का चवथ्या मजल्यावर आले म्हणजे मी गॅस पेटवते.

सोनिका : बाबा, कडुनिंब छताखाली नाही येत.

मनोहरराव : बुवांले विचारलं मी. ते म्हणाले, आभाळ पण छतच आहे.

सोनिका : पटवलं बुवांना पण.

शामला : हसली गं बाई. हसली एकदाची.

सोनिका : बाबा, मला एक विचारायचं आहे. साहिलला खूपदा विचारलं. तो म्हणतो, आठवत नाही. असं कसं आठवत नाही? मी तेव्हा दवाखान्यात पलंगावर होते, मला उठू दिलं नाही कोणी. तिला कुठं ठेवलं तुम्ही?

मनोहरराव : साहिलले मीच सांगितलं होतं, बोलू नको म्हणून. तू रोज तिथं जाऊन बसशील, तुझं अन्नपाणी सुटन, असं वाटलं.

सोनिका : कुठं?

मनोहरराव : तर मंडळी... नाही. तसं नाही सांगत. मी घेऊन गेलो तिले. मी. साहिल सोबत होता, पण गाडीत ती माझ्याच मांडीवर होती. मी माझ्या कीर्तनाच्या उपरण्यात गुंडाळलं तिले. नागपुरातच आटपू, साहिल म्हणत होता. मी म्हटलं, नाही. तिनं काहीच पाहिलं नाही, निदान आजोळ तरी पाहू दे. कन्हानले नेली. नदीच्या काठावर, पुलाच्या वरच्या अंगाले, जिथं दरड उंच आहे, पुराचं पाणी चढत नाही. तिथं एक जुना करंज आहे. त्याच्या उगवतीच्या बाजूले. मी माझ्या हातानं माती लोटली. वर नदीतला पांढरा गोटा ठेवला, मुठीएवढा.

शामला : उपरणं मंदिरात हरवलं म्हणत होते मले. तीन वर्षं मी त्या पुजाऱ्यावर संशय घेऊन राहिली!

मनोहरराव : खोटं बोललो.

शामला : अन् दरसाल पौषात कोराडीले जुन्या मित्राले भेटाले जाता ते?

मनोहरराव : ते पण. कन्हानची बस धरतो. गोटा जागेवर आहे का पाहतो. येतो.

सोनिका : पुलाच्या वरच्या अंगाला?

मनोहरराव : तुझ्या आईच्या घरून पायी वीस मिनिटं.

सोनिका : मी रोज संध्याकाळी त्या पुलावर उभी राहायची. आईची औषधं आणायला जायची आणि घरी जावंसं वाटायचं नाही. इकडं यावंसं पण वाटायचं नाही. कठड्याला टेकून नदी पाहत राहायची. करंज दिसतो तिथून. त्याच्यावर बगळे बसतात.

मनोहरराव : हो. बगळे बसतात.

सोनिका : अडीच महिने ती माझ्यासमोर होती बाबा.

शामला : तू निदान तो करंज तरी पाहिला. मले कोणी दाखवलंच नाई. मी आजी आहे तिची. मले कोणी विचारलं का, पाहतेस का म्हणून? माझ्या हाती पाळणा दिला अन् म्हणे, आवर. मी आवरला. दुपटी आवरली. अजून दिवाणात आहेत खाली, डांबरगोळ्या टाकून. फेकाले हात नाई झाला.

सोनिका : आहेत?

शामला : आहेत. पिवळं टोपडं पण आहे.

सोनिका : मला वाटलं, तुम्ही कोणाला देऊन टाकलं.

शामला : कोणाले देऊ वं? नाव नाई काढत म्हणून काय विसरली का मी?

मनोहरराव : हॉर्न वाजला. मामा चिडला वाटते.

सोनिका : जाते मी. आईला एकटी ठेवून आले, रात्रीच्या गोळ्या द्यायच्या आहेत तिला.

मनोहरराव : हे मडकं घे. जुन्या साडीत गुंडाळून देते शामला. टेम्पोत मांडीवर धरजो, खाली नको ठेवू.

सोनिका : नाही. इथंच राहू द्या, देवघरापाशी. रिकाम्या कॅरेटच्या टेम्पोत हादरे बसतील. तुम्हाला पाणी न घालता राहता आलं नं इतके दिवस?

मनोहरराव : बावीस दिवस झाले.

सोनिका : मग राहू द्या. आई, रविवारी सकाळी तुम्ही दोघं साहिलसोबत कन्हानला या. लवकर या, उन्हाच्या आत. बाबा जागा दाखवतील. संध्याकाळी आपण सगळे सोबत परत येऊ. माझी मोठी बॅग भरायला वेळ लागेल थोडा.

शामला : संध्याकाळी? सोबत?

सोनिका : फराळाचं तिकडून काय आणू? एकट्यानं चकल्या पाडू नका, हात दुखतो तुमचा.

शामला : तू ये. बाकी काही आणू नको. मी ते पिवळं टोपडं घेऊन येऊ का वं? गोट्यापाशी ठेवाले?

सोनिका : आणा.

मनोहरराव : सावकाश उतर. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला आहे.

सोनिका : बाबा, सकाळी त्या कडुनिंबाला पाणी घालता तेव्हा काय म्हणता?

मनोहरराव : काही नाही म्हणत. काय म्हणू? नावच नव्हतं तिले.

सोनिका : होतं. मुलगी झाली तर म्हणून सातव्या महिन्यातच ठेवलं होतं मी मनात. साहिलला पण नाही सांगितलं.

शामला : काय वं?

सोनिका : रितिका. उद्या तांब्या रिता कराल नं बाबा, तेव्हा एकदा तिले आठवजा.